‘सहकुटुंब पाहण्याजोगे’ : ‘पिनाफोर’च्या निमित्ताने

मे महिन्यातला शेवटचा सोमवार इंग्लंडात सार्वजनिक सुट्टीचा असतो. त्याला लागून येणारे शनिवार-रविवार धरले म्हणजे तीन दिवस हाताशी येतात आणि शाळकरी मुले असलेली कुटुंबे समुद्राच्या दिशेने निघतात. यंदा आम्हीही निघालो. पुण्याहून माझी आई आली होती. तिला इंग्लंडचा समुद्र दाखवायचा होता. समुद्र दिसला, पण पावसाच्या पडद्याआडून. शनिवारी दुपारी किनाऱ्यावरच्या त्या लहान गावात काय करावे या विवंचनेत असताना नगरभवनाच्या दारावर एक जाहिरात दिसली. गावातली हौशी नाट्यमंडळी गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची ‘एच. एम. एस. पिनाफोर’ ही विनोदी संगीतिका करीत होती; लहानथोर सर्वांना आवडेल असा खेळ, असे खाली छापले होते. मी तिचे भाषांतर करून सांगताच आई म्हणाली, “म्हणजे सहकुटुंब पाहण्याजोगे! आमच्या वेळच्या जाहिरातीत हेच असायचं.”

इंग्रजी साहित्याच्या वर्गात व्हिक्टोरियन रंगभूमीचा विषय निघाला की या संगीतिका एका वाक्यात उरकून शॉ-वाइल्डकडे वळणाऱ्यांपैकी मी एक. मोठ्या मुलाच्या चेहऱ्यावर तेराव्या वर्षाला शोभेलसा कंटाळा होता, धाकटी नऊ वर्षांची, ती जहाजाच्या देखाव्यावर खूष. आणि आई भाषा अर्धी समजत असूनही आमच्यात सर्वांत जास्त रमलेली. दुसऱ्या अंकात तिघांनी मिळून म्हणायचे एक पद आहे. ते पुन्हा पुन्हा म्हणून घेण्याची आणि दर खेपेला नटांनी नवी गंमत करण्याची जुनी प्रथा आहे. टाळ्या पडल्या, मंडळी परत आली, आणि माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला – “वन्स मोअर!” इंग्रज प्रेक्षक याच प्रसंगी फ्रेंच शब्द ओरडतात आणि मराठी प्रेक्षक इंग्रजी. आजूबाजूच्या चार-पाच जणांनी मागे वळून पाहिले आणि हसून टाळ्यांचा जोर वाढवला. पद तिसऱ्यांदा झाले.

दुपार अशी मजेत गेली. परंतु हा लेख लिहावासा वाटला तो परतीच्या वाटेवर धाकटीने विचारलेल्या दोन प्रश्नांमुळे. ते समजण्यासाठी कथानक थोडक्यात सांगायला हवे.

‘पिनाफोर’ या राणीच्या लढाऊ जहाजावरचा राल्फ हा साधा खलाशी कॅप्टनच्या मुलीवर, जोसेफिनवर, प्रेम करतो. तिचेही त्याच्यावर प्रेम आहे; पण दर्जाची दरी मधे आहे. नौदल खात्याचा प्रमुख सर जोसेफ पोर्टर तिला मागणी घालायला जहाजावर येतो. हा गृहस्थ कधी समुद्रावर गेलेला नाही. वकिलाच्या कचेरीत पोऱ्या म्हणून लागून, कारकुनी करीत, पुढे पक्षनिष्ठेच्या बळावर तो या पदाला पोचला आहे. प्रेम सर्व दर्जांना सारखे करते, असे तो जोसेफिनला समजावतो. अर्थात स्वतःचा दर्जा आणि तिचा दर्जा डोळ्यांसमोर ठेवून. ती मात्र तोच युक्तिवाद खलाशासाठी वापरते. दोघे पळून जाऊ पाहतात आणि पकडले जातात. इतक्यात बटरकप ही बंदरात जहाजांवर किरकोळ माल विकणारी बाई एक जुने गुपित फोडते. तरुणपणी ती मुले सांभाळीत असे. तिच्याकडे दोन तान्ही बाळे होती, एक कुलीन घरातले, एक गरिबाचे. तिच्या हातून त्यांची अदलाबदल झाली. कुलीन तो राल्फ आणि गरीब तो कॅप्टन! क्षणार्धात राल्फ कॅप्टनच्या गणवेशात आणि कॅप्टन खलाशाच्या सदऱ्यात रंगमंचावर येतात. खलाशाची मुलगी करणे सर जोसेफला आता शक्य नसते. राल्फला जोसेफिन मिळते, कॅप्टनला बटरकप, आणि पडदा पडतो.

गाडीत धाकटी म्हणाली, “बाबा, दोघं एकाच वेळी बाळं होती ना? मग राल्फ तिच्या बाबांएवढाच झाला की!” मुलाने हेडफोन न काढता “नाटक आहे ते” असा निकाल दिला. तिचे समाधान झाले नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, “आणि कॅप्टनला जहाज चालवता येतं ना अजून? मग त्याला का काढला?”

“येतं गं,” मागून आई म्हणाली. “पण विचारतंय कोण!”

वयाच्या हिशोबाची विसंगती समीक्षकांच्या कधीच ध्यानात आलेली आहे आणि ती गिल्बर्टने जाणूनबुजून ठेवली आहे याबद्दलही फारसे दुमत नाही. दुसरा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. ज्या खेळाची ख्याती निरुपद्रवी करमणूक अशी आहे, त्यातून नऊ वर्षांच्या मुलीने नेमका हाच प्रश्न कसा उचलला? त्याचे उत्तर शोधायचे तर ‘सहकुटुंब पाहण्याजोगे’ हा प्रकार मुळात कसा घडवला गेला, त्या इतिहासाकडे वळावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनमधल्या प्रतिष्ठित मध्यमवर्गाला नाटकगृहाविषयी संशय होता. धार्मिक वृत्तीची घरे तर नाटकाच्या वाटेला जात नसत. संगीतप्रधान हलकेफुलके नाटक म्हटले की समोर दोन प्रकार असत. एक, प्रसिद्ध नाटके-संगीतिकांची विडंबने. यांत तरुण नायकाची भूमिका तंग विजारीतली नटी करी आणि थोराड बाईची भूमिका पुरुष करी. कोट्यांचा आणि द्व्यर्थी सूचनांचा भडिमार असे. दुसरा, ऑफेनबाखच्या फ्रेंच संगीतिकांची इंग्रजी रूपांतरे. त्यांचे संगीत मोहक, पण विषय बहुधा विवाहबाह्य भानगडींचे. मुलीबाळींना घेऊन जावे असे यांतले काहीच नव्हते.

या कोंडीतून पहिली वाट काढली ती टॉमस जर्मन रीड आणि त्यांच्या पत्नी प्रिसिला यांनी. १८५५ पासून त्यांनी लहान संगीत-करमणुकींचे कार्यक्रम सुरू केले आणि ‘नाटक’ हा शब्दच टाळला. त्यांच्या जागेचे नाव ‘गॅलरी ऑफ इलस्ट्रेशन’, म्हणजे चित्रदालन. तिथे होई ते नाट्य नव्हे तर ‘चित्रण’. वाद्यवृंदाच्या जागी पियानो आणि हार्मोनियम. नाटकगृहाची पायरी न चढणारी कुटुंबे या दालनात निःशंकपणे येत. आपल्याकडेही कीर्तन म्हटले की चालते आणि तमाशा म्हटले की चालत नाही, अशी नावांची किमया काही अपरिचित नाही. विल्यम गिल्बर्टने १८६९ पासून रीड दांपत्यासाठी सहा संहिता लिहिल्या. त्यांतल्या दुसऱ्या खेळाच्या तालमीच्या वेळी आर्थर सलिव्हनशी त्याची ओळख झाली, असे सांगतात.

पुढची घटनावली परिचित आहे. १८७१ च्या नाताळात, २६ डिसेंबरला, दोघांचा पहिला एकत्र खेळ ‘थेस्पिस’ रंगभूमीवर आला. तो सणासुदीचा, तात्पुरता होता आणि त्याचे बहुतेक संगीत आज उपलब्ध नाही. १८७५ मध्ये रिचर्ड डॉयली कार्ट या तरुण व्यवस्थापकाला ऑफेनबाखच्या एका संगीतिकेला जोड म्हणून छोटा खेळ हवा होता. त्यासाठी ‘ट्रायल बाय ज्युरी’ लिहिली गेली आणि जोडीचा खेळ मुख्य खेळापेक्षा गाजला. इंग्रजी भाषेतली, इंग्रज कुटुंबांसाठीची विनोदी संगीतिका हा कार्टचा ध्यास होता. गिल्बर्टने आपली पथ्ये ठरवून घेतली : पुरुषाने स्त्रीची भूमिका करायची नाही, स्त्रीने पुरुषाची करायची नाही, आणि सभ्य घरातल्या वेशभूषेच्या मेजवानीत जो पोशाख एखादी महिला घालणार नाही, तो रंगमंचावरही दिसायचा नाही. जो स्वतः १८६० च्या दशकात विडंबने लिहून पुढे आला होता, त्याने घातलेली ही बंधने आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे.

‘पिनाफोर’चा पहिला प्रयोग २५ मे १८७८ रोजी लंडनच्या ऑपेरा कॉमिक नाट्यगृहात झाला. या नावातच थट्टा आहे. पिनाफोर म्हणजे मुलांच्या कपड्यांवर बांधायचा, डाग पडू नयेत म्हणून वापरायचा झगा. आपल्या कॉन्व्हेंटी मुलींना गणवेशाच्या निमित्ताने हा शब्द ठाऊक असतो. तोफा लावलेल्या युद्धनौकेला बाळाच्या झबल्याचे नाव देण्यासारखाच हा प्रकार. पण नाव जितके पोरकट तितका देखावा काटेकोर. गिल्बर्टने पोर्ट्‌स्मथला जाऊन नेल्सनची ‘व्हिक्टरी’ आणि दुसरे एक जहाज पाहून रेखाटने केली होती. सर्व काही हुबेहूब खरे, फक्त तर्क तेवढा उलटा, ही त्याची रीत. सलिव्हन त्या काळात मूतखड्याने हैराण होता. वेदनेच्या दोन कळांमध्ये त्याने या प्रसन्न चाली बांधल्या.

सुरुवातीचे स्वागत चांगले झाले, पण त्या वर्षीच्या कडक उन्हाळ्यात कोंदट नाट्यगृह ओस पडू लागले. खेळ बंद करण्याच्या सूचनाही लागल्या. मग सलिव्हनने कॉव्हेंट गार्डनच्या उन्हाळी मैफलींत ‘पिनाफोर’च्या चालींची वाद्यरचना वाजवून घेतली. लोक त्या गुणगुणत बाहेर पडले आणि नाट्यगृहाकडे वळले. मूळ खेळाचे ५७१ प्रयोग झाले. सर जोसेफमध्ये लोकांनी डब्ल्यू. एच. स्मिथला ओळखले. रेल्वे स्थानकांवरच्या पुस्तकांच्या दुकानांचा हा मालक १८७७ पासून खरोखरच नौदल खात्याचा प्रमुख होता आणि समुद्राशी त्याचा संबंध नव्हता. ‘पिनाफोर स्मिथ’ हे नाव त्याला चिकटले ते चिकटलेच. अमेरिकेत तर या खेळाची साथच पसरली. नोव्हेंबर १८७८ मध्ये बॉस्टनला त्याचा पहिला प्रयोग झाला; तिथे इंग्रज लेखकाच्या स्वामित्वहक्काला संरक्षण नसल्यामुळे वाटेल त्याने तो करावा अशी स्थिती होती. त्या गर्दीत चर्चमधल्या गायकवृंदांनी उभ्या केलेल्या मंडळ्याही होत्या. ज्यांना नाटक निषिद्ध, त्यांनीच नाटक करावे, इथवर ‘सहकुटुंब’ या शब्दाची मजल गेली.

या यशाचे टोक म्हणजे मुलांचा ‘पिनाफोर’. डिसेंबर १८७९ मध्ये कार्टने नाताळच्या सुट्टीतल्या दुपारच्या खेळांसाठी सर्व भूमिका लहान मुलांना देऊन ही संगीतिका सादर केली. आईबाप मुलांना घेऊन आले; रंगमंचावरही मुले, समोरही मुले. या प्रेक्षकांत ‘अ‍ॅलिस’चा कर्ता लुइस कॅरल होता. त्याला रंगभूमीची अतिशय आवड. काही वर्षांपूर्वी ‘अ‍ॅलिस’मधल्या गीतांना चाली द्याव्यात म्हणून त्याने सलिव्हनला पत्रही पाठवले होते, मात्र ते जमले नाही. मुलांचा हा प्रयोग त्याला एरवी गोड वाटला. पण एका जागी तो विलक्षण दुखावला गेला. कॅप्टन आपण कधी शिवी देत नाही असा डौल मिरवीत असतो आणि ऐन प्रसंगी त्याच्या तोंडून एक शिवी निसटते. मग सर जोसेफच्या बहिणी-आत्या-मावश्यांचा ताफा भयचकित होऊन तीच शिवी समूहगीतात उच्चारतो. मोठ्यांच्या खेळात हा विनोद खपला. पण निरागस चेहऱ्याच्या चिमुरड्या मुलींनी ती शिवी हसतमुखाने गावी आणि पालकांनी टाळ्या पिटाव्यात, याचे कॅरलला अतोनात दुःख झाले. १८८८ मध्ये रंगभूमी आणि आदरभाव या विषयावर लिहिलेल्या लेखात त्याने ते बोलून दाखवले.

आज ती शिवी इतकी सौम्य वाटते की आमच्या नगरभवनात तिच्यावर कुणी हसलेदेखील नाही. म्हणून कॅरलला सोवळा ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मला तो तसा वाटत नाही. अर्थ न कळता मुलांच्या तोंडी घातलेले शब्द ही पालकाने विचार करण्याजोगी गोष्ट आहे; आजही लग्नाच्या वरातीत पाच वर्षांच्या मुलाला चित्रपटातल्या गाण्यावर नाचवणारे आपण पाहतोच. कॅरलची चूक असेल तर ती वेगळी आहे. मुलांना जे कळत नाही त्याची त्याने चिंता केली. मुलांना जे कळते, त्याकडे त्याचे लक्ष गेले नाही.

गिल्बर्टचा विनोद मुलांना कळतो, कारण तो त्यांच्याच पद्धतीने चालतो. एखादा नियम मोठी माणसे जितक्या गांभीर्याने सांगतात, तितक्याच गांभीर्याने तो घ्यायचा आणि शेवटपर्यंत ताणायचा. माणसाचा दर्जा जन्माने ठरतो? ठीक. मग जन्माची नोंद चुकली असेल तर दर्जाही त्या क्षणी बदलला पाहिजे. माणसाचे कौशल्य, वय, आयुष्यभराची सेवा यांचा प्रश्नच उद्भवत नाही. मोठे प्रेक्षक याला कलाटणी म्हणतात आणि हसतात, कारण समाजातला मूळ नियम त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. नऊ वर्षांच्या मुलीच्या तो अंगवळणी पडलेला नसतो. तिला कॅप्टनचे काय झाले ते दिसते. विडंबनातला उघडावाघडा चावटपणा काढून टाकल्यावर गिल्बर्टजवळ विनोदाला विषय उरला तो समाजाच्या नियमांचा. सोवळेपणाच्या अटीनेच त्याला तिकडे ढकलले, असे मला वाटते.

या ठिकाणी मराठी वाचकाला आपली संगीत रंगभूमी आठवल्यावाचून राहणार नाही. काळ अगदी तोच आहे. पारशी मंडळींचा ‘इंद्रसभे’चा खेळ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटकाची कल्पना सुचली, ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला, आणि नोव्हेंबर १८८२ मध्ये ‘सौभद्रा’चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले. त्याच महिन्यात लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात गिल्बर्ट-सलिव्हन यांची ‘आयोलँथी’ सुरू झाली. यात कुणी कुणाचे अनुकरण केलेले नाही. फार तर इतके म्हणावे की, दोन शहरांतला नवशिक्षित मध्यमवर्ग एकाच सुमारास आपल्या घरादाराला घेऊन बसता येईल अशा रंगभूमीच्या शोधात होता. कार्टने १८८१ मध्ये सॅव्हॉय उघडले ते विजेच्या दिव्यांनी उजळून. दिवे सुरक्षित आहेत हे पटवण्यासाठी त्याने डिसेंबरात प्रेक्षकांसमोर एक पेटता दिवा फोडून दाखवला. किर्लोस्करांनी पुराणकथेला घरगुती रूप दिले. ‘सौभद्रा’तला कृष्ण हा देव कमी आणि बहिणीचे लग्न मनासारखे जुळवून आणणारा, बायकोशी लटके भांडण करणारा गृहस्थ अधिक आहे. दादाचा हट्ट, वहिनीचे साहाय्य, संन्याशाच्या वेशातला प्रियकर – घरातल्या सर्वांनी एकत्र बसून हसावे अशीच ही मांडणी.

गंमत अशी की सभ्यतेचे नियम मात्र दोन्हीकडे नेमके उलट. लंडनमध्ये पुरुषाने स्त्रीवेष घेणे हे उथळपणाचे लक्षण, म्हणून गिल्बर्टने ते बंद केले. पुण्यात कुलीन स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे अशक्य, म्हणून किर्लोस्कर मंडळीत सुभद्रा झाली ती भाऊराव कोल्हटकरांची. हेतू एकच, कुटुंबाने यावे. आणि एकीकडची अट दुसरीकडे असभ्य ठरावी. ‘सहकुटुंब’ हा शब्द कोणत्याही काळात स्वयंसिद्ध नसतो, त्या-त्या समाजाने आखलेल्या रेषेचे ते नाव असते, हे यातून दिसते.

‘पिनाफोर’शी खरी तुलना करायची ती मात्र देवलांच्या ‘शारदे’शी. १८९९ मधले हे नाटकही घरादाराने पाहिले, त्याची पदे माजघरात गायली गेली, आणि जरठ-कुमारी विवाहाचा विषय हसतखेळत सर्वांपुढे आला. म्हाताऱ्या नवरदेवाला ‘भुजंगनाथ’ म्हणण्याची चालच पडली. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणत. तो या नाटकावरून पडलेला शब्द, असा समज अजून आढळतो. वास्तविक ते नाव विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडांचे. पण गैरसमज व्हावा इतके ते नाटक घराघरात पोचले होते. आता त्याचा शेवटाकडचा भाग आठवा. शारदेचे भुजंगनाथाशी लागत असलेले लग्न मोडते ते कशाने? मुलगी लहान आणि वर म्हातारा म्हणून नाही. वधूवर सगोत्र आहेत असे कोदंड उघड करतो म्हणून. बापाचा लोभ, मुलीचे अश्रू, लोकांची चेष्टा यांपैकी कशानेही जे थांबले नाही, ते गोत्राच्या एका तपशिलाने थांबते. ‘पिनाफोर’मध्येही प्रेमाने आणि समतेच्या व्याख्यानांनी जे झाले नाही, ते जन्माच्या एका तपशिलाने होते. दोन्ही ठिकाणी नियमाला नियमच आडवा येतो. नियम मोडला आहे असे कुणालाच वाटत नाही, म्हणून तो खेळ सहकुटुंब पाहता येतो; आणि नियम किती पोकळ आहे हे मात्र सर्वांना दिसून गेलेले असते.

अर्थात याला मर्यादा आहे आणि ती दडवू नये. पडदा पडतो तेव्हा ‘पिनाफोर’वरची उतरंड जशीच्या तशी उभी असते; फक्त दोन माणसांच्या जागा बदललेल्या असतात. ज्याला सुधारणा हवी त्याचे समाधान अशा शेवटाने होणार नाही. याच जोडीच्या १८८५ मधल्या ‘मिकाडो’त इंग्रजी नोकरशाहीची थट्टा जपानी पोशाखात केली आहे, आणि तो पोशाख ज्यांचा, त्यांच्या वंशजांनी आज त्यावर आक्षेप घेतला आहे, घरादाराचे हसू म्हणजे कुणाच्या घराचे, हा प्रश्न तिथे उभा राहतो. हसणाऱ्यांत कोण सामील होऊ शकत नाही, हे पाहिल्याशिवाय अशा नाटकांचा हिशोब पुरा होत नाही.

हे मला पुस्तकातून कळले असते. पण कळले ते रविवारी सकाळी. न्याहारीच्या वेळी मी आईला ‘शारदे’बद्दल विचारले. तिने लहानपणी पुण्यात पाहिलेला प्रयोग तिच्या चांगला लक्षात होता. “सगळा वाडा गेला होता,” ती म्हणाली. “भुजंगनाथ आला की लोक खो-खो हसायचे. माझी आजी शेजारी बसलेली. ती नाही हसली.” आईची आजी अकराव्या वर्षी, चाळिशी उलटलेल्या बिजवराला दिली होती. मी वर्षानुवर्षे ‘शारदा’ शिकवणाऱ्यांची व्याख्याने ऐकली आहेत. आमच्याच घरातली ही गोष्ट मला पन्नाशीला आल्यावर, परक्या गावात, एका इंग्रजी खेळाच्या निमित्ताने समजली. धाकटी टोस्ट खाता खाता ऐकत होती. तिने विचारले, “तिचं गोत्र कुणी नाही का सांगितलं?” आईने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “नाही बाळा. तिचं लागलं लग्न.”

सोमवारी ऊन पडले. मुले वाळूत खेळली, आईने बूट काढून पाण्यात पाय बुडवले आणि “इतकं गार!” म्हणून मागे घेतले. मोठा मुलगा नकळत त्या तिघांच्या पदाची चाल शिटीवर वाजवीत होता. मी विचारल्यावर त्याने साफ नाकारले. गिल्बर्टचे निधन २९ मे १९११ रोजी, याच मोसमात झाले. घराच्या आवारातल्या तळ्यात एक तरुण मुलगी बुडते आहे असे वाटून तो तिला वाचवायला उतरला आणि हृदयक्रियेने दगा दिला. त्याच्या शब्दांवरचा हक्क १९६१ अखेर संपला; तोवर इंग्लंडात व्यावसायिक प्रयोग करण्याचा अधिकार एकट्या डॉयली कार्ट मंडळीचा होता. ती जुनी मंडळी १९८२ मध्ये बंद पडली. खेळ मात्र टिकला, तो आम्ही पाहिला तसल्या नगरभवनांतून, गावातल्या हौशी मंडळींनी टिकवला.

संध्याकाळी सामान आवरताना धाकटी पुन्हा आपल्या प्रश्नावर आली. तिने तोडगा काढला होता. राल्फने कॅप्टन व्हावे, पण जहाज कसे चालवायचे हे जुन्या कॅप्टनला विचारावे, आणि पगार दोघांना सारखा असावा. वर्गात मला कुणी हे उत्तर दिले असते तर मी त्यातली तीन वैगुण्ये दाखवली असती. तिला मी चांगले आहे असे सांगितले. आई म्हणाली, “पुढच्या वर्षी हिला ‘शारदा’ दाखवू या. काय म्हणते बघू.”